संधानातील अनामिक कर्ते

औषधनिर्माते वैद्य एकत्र जमले आणि आसवारिष्टांचा विषय निघाला, की एक प्रश्न हमखास विचारला जातो : "तुम्ही यीस्ट घालता का?" क्षणभर शांतता पसरते. मग कोणीतरी म्हणतो, "आम्ही धायटीच घालतो, पण..." आणि वाक्य त्या 'पण'पाशी थांबते. गेली अनेक वर्षे आम्ही हे अर्धे वाक्य ऐकत आलो आहोत; प्रसंगी स्वतःही उच्चारले आहे. त्या 'पण'च्या पुढचा भाग एकदा लिहून टाकावा, या हेतूने हा लेखनप्रपंच.

दशमूलारिष्टाचा पाठ उघडला तर प्रत्येक वनस्पतीचे मान सांगितलेले आढळते. गूळ किती, मध किती, धायटीची फुले किती, प्रक्षेपद्रव्ये कोणती, हे सारे तेथे आहे. जेथे मान सांगितलेले नसेल तेथे काय करावे याचीही सोय शार्ङ्गधराचार्यांनी करून ठेवली आहे : एक द्रोण द्रवास एक तुला गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि गुळाच्या दशमांश प्रक्षेप. इतका काटेकोरपणा असूनही ज्यांच्यामुळे काढ्याचे अरिष्ट होते, त्या कर्त्यांचे नाव पाठात कोठेही नाही. ग्रंथकारांपाशी ते जाणण्याचे साधन नव्हते. आपल्यापाशी ते आहे, आणि तरीही आपण आपल्या पिंपात कोण नांदते हे विचारलेले नाही. आमची तक्रार आहे ती आपल्या पिढीविषयी.

वस्तुतः प्राचीनांचे या बाबतीतील निरीक्षण थक्क करणारे आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात धान्य, फल, मूल, सार, पुष्प, कांड, पत्र, त्वचा आणि शर्करा अशा नऊ योनी सांगून ८४ आसवांची गणना केली आहे. पात्र घृतलिप्त असावे, त्यास धूपन करावे, मुखाचे संधिबंधन करावे, ते धान्याच्या राशीत अथवा भूमीत पुरावे, या प्रत्येक सूचनेत अनुभव साठलेला आहे. धान्यराशीत पुरलेल्या पात्राचे तापमान दिवसरात्रीच्या चढउताराने हेलकावत नाही. पात्रास कान लावून आतील ध्वनी ऐकणे, पेटती काडी तोंडाशी धरून ती विझते का हे पाहणे, या परीक्षा आजही प्रत्येक फार्मसीत चालतात. बिघडून आंबट झालेल्या मद्यास 'शुक्त' असे स्वतंत्र नाव देऊन त्याचा उपयोगही सांगितला आहे. कांजीचे तर विचारूच नये. धातूंच्या सामान्य शोधनात तैल, तक्र, गोमूत्र आणि कुळथाचा काढा यांच्याबरोबर ती लागतेच; म्हणजे ज्या भस्माचा आंबवण्याशी काही संबंध नाही असे आपण समजतो, त्याच्याही वाटेवर सूक्ष्मजीवांचे काम उभे आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या अध्यायात उडीद आणि तांदूळ यांपासून 'किण्व' कसे करावे याची कृती आहे. किण्व म्हणजे सुरेचे बीज. मद्य आपोआप होत नाही, त्याला बीज लागते आणि ते जपून ठेवता येते, हे त्या शब्दातच आहे.

परंतु एवढ्यावरून चरकाचार्यांना जीवाणू ठाऊक होते असा निष्कर्ष काढण्याची आपल्याकडे फार घाई केली जाते. विमानस्थानात वीस प्रकारच्या कृमींची चर्चा करताना सहज कृमी वगळले आहेत, या एका उल्लेखावर आतड्यातील जीवाणूंचे संपूर्ण आधुनिक शास्त्र उभे करणारी व्याख्याने आम्ही ऐकली आहेत. अशा व्याख्यानांनी टाळ्या मिळतात, ज्ञान तसूभर पुढे जात नाही. पूर्वसूरींनी परिणाम पाहिला, नोंदला आणि पुनःपुन्हा तोच परिणाम मिळावा म्हणून कृती बांधली. कर्ता शोधण्याचे काम त्यांनी आपल्यावर सोडले आहे.

हे काम प्रयोगशाळेत फार काळ ज्या रीतीने चालले, तिची मर्यादा वैद्यवर्गाने समजून घेणे आवश्यक आहे. नमुना घ्यावा, पोषक आगाराच्या तबकडीवर पसरावा आणि जे उगवेल ते मोजावे, ही ती रीत. तिने पुष्कळ दिले. इडलीचे पीठ फुगते ते प्रामुख्याने ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस या जीवाणूमुळे, हे १९६५ साली याच रीतीने दाखवले गेले. पण सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशी आणि तबकडीवर उगवणाऱ्या वसाहती यांचा मेळ बसत नाही, माती आणि पाण्यात तर शंभरात एखादाच उगवतो, ही विसंगती जुनीच होती. १९८५ मध्ये तिला रीतसर नाव मिळाले. न उगवणाऱ्यांचे काय? १९७७ मध्ये कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी पेशीतील रायबोसोमच्या आरएनएची अक्षरे जुळवून सजीवांचे नाते ठरवण्याचा मार्ग दाखवला होता. पुढे तोच मार्ग वळून माती, पाणी व अन्नाकडे आला. आता नमुन्यातील सगळ्यांचा डीएनए एकत्र काढतात. जीवाणूंसाठी '१६एस' नावाचा जनुकांश, यीस्ट व बुरशीसाठी 'आयटीएस' नावाचा भाग वाचतात आणि त्या अक्षरांवरून कोणकोण हजर आहे ते ओळखतात. याहून खोल जायचे तर सर्वच डीएनए वाचून त्यातून एकेका जीवाचा संपूर्ण जनुकसंच जुळवतात. अशा सामुदायिक जनुकसंचास 'मेटाजीनोम' ही संज्ञा १९९८ पासून रूढ आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना लोणार आठवत असेल. जून २०२० मध्ये त्या क्षारयुक्त सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचे कारण मिठाळ पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य असलेले हॅलोआर्किया ठरले. बाष्पीभवनाने पाणी आटले, क्षार वाढले, आणि जे आधीपासून थोड्या संख्येने तेथे होते त्यांचे राज्य आले. आमच्या मते अरिष्टाच्या पिंपातही दर वेळी हेच घडते. काढा ओततो तेव्हा त्यात धायटीवरचे, गुळावरचे, पिंपाच्या लाकडावरचे, कामगाराच्या हातावरचे असंख्य रहिवासी असतात. साखर भरपूर, प्राणवायू कमी, मद्य हळूहळू वाढते. त्या परिस्थितीत जे तगतात ते पिंप चालवतात. तोंड उघडे राहिले की राज्य पुन्हा बदलते आणि शुक्त तयार होते.

या दृष्टीने पाहता ईशान्येकडे झालेले काम आपल्याला लाज आणणारे आहे. सिक्कीम विद्यापीठाचे प्राध्यापक ज्योतिप्रकाश तमांग यांनी हिमालयातील आंबवलेल्या अन्नपदार्थांच्या अभ्यासाला आपले आयुष्य वाहिले. तेथे तांदळाच्या पिठाच्या वाळवलेल्या वड्या 'मार्चा' या नावाने बाजारात मिळतात आणि त्यांवर घरोघरी मद्य आंबवले जाते. कौटिल्याच्या किण्वाचीच ही जिवंत भावंडे म्हणावीत. या वड्यांत राहणारी म्यूकर व रायझोपस जातीची बुरशी, सॅकरोमायकॉप्सिस फायब्युलिजेरा हे पिष्ट फोडणारे यीस्ट आणि आम्ल करणारे पीडियोकॉकस जीवाणू यांची ओळख प्रथम तबकडीवर आणि नंतर डीएनएच्या वाचनाने पटली. डोंगरातल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या वडीची कुंडली अशी मांडली गेली असता, परवाना, लेबल आणि बॅच नंबर घेऊन देशभर विकल्या जाणाऱ्या आपल्या अरिष्टांविषयी आपल्यापाशी मोजकेच, विखुरलेले शोधनिबंध असावेत, हे शोभत नाही. जगाचा व्याप तर पुष्कळच वाढला आहे. २०२४ मध्ये 'सेल' या नियतकालिकात अडीच हजारांवर अन्नमेटाजीनोमांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून सूक्ष्मजीवांचे सुमारे अकरा हजार जनुकसंच जुळवले गेले. त्यात चीज आहे, आंबवलेले दूध आहे, मांस आहे. दशमूलारिष्टाचे पिंप अशा संचात हवे असेल तर ते आपल्यालाच न्यावे लागेल.

आता धायटीविषयी. माघ-फाल्गुनात सह्याद्रीच्या उतारांवर ही झुडपे लाल होतात. 'धायटीने संधान होते' असे आपण म्हणतो, त्याचा अर्थ सामान्यतः असा घेतला जातो की तिच्या फुलांतील मधुरसात यीस्ट वसते आणि ते पिंपात उतरते. हे संभवनीय आहे, कारण फुलांच्या मधुरसात यीस्ट असते ही गोष्ट सर्वत्र आढळली आहे. ती तेथे कीटकांच्या द्वारे येतात. इटलीतील संशोधकांनी २०१२ साली दाखवले की द्राक्षमळ्यांच्या परिसरातील गांधीलमाशांच्या आतड्यात सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हे मद्याचे यीस्ट हिवाळा काढते आणि माशी ते आपल्या अळ्यांना भरवते. ज्या द्राक्षांवर हे यीस्ट आपसूक असते असे पिढ्यान् पिढ्या समजले जात होते, त्या न फुटलेल्या द्राक्षांवर ते जवळजवळ सापडतच नाही. थंड तापमानात आंबवल्या जाणाऱ्या लागर बिअरच्या यीस्टचा एक जनक कोण, हे कोडे पुष्कळ वर्षे सुटत नव्हते. तो २०११ मध्ये सापडला दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियाच्या जंगलात, झाडांवरच्या गाठींवर. युरोपातल्या मद्याचा पूर्वज असा समुद्रापलीकडच्या रानात निघतो, तर आपल्या अरिष्टाचा उगम खरोखर फुलात आहे, माशीत आहे, गुळात आहे की पिंपाच्या लाकडात, हे अंदाजाने ठरवण्यात काय अर्थ?

अंदाज चुकू शकतो, याचे एक उदाहरण आपल्याच औषधाचे आहे. नेदरलँड्स आणि श्रीलंका येथील संशोधकांनी १९९३ मध्ये निंबारिष्टावरील काम प्रसिद्ध केले. धायटी घातलेल्या अरिष्टाची रोगप्रतिकारविषयक क्रिया वाढलेली त्यांना प्रयोगशाळेत दिसली. पण ती वाढ सूक्ष्मजीवांमुळे नसून बहुधा धायटीच्या फुलांतून उतरणाऱ्या द्रव्यांमुळे आहे, असा त्यांचा निर्वाळा होता. म्हणजे धायटी हे केवळ यीस्टचे वाहन नव्हे, ते स्वतः औषध आहे. 'यीस्ट पाकिटातून येते, मग धायटी कशाला?' असा हिशेब मांडून फुलांचे प्रमाण कमी करणाऱ्या निर्मात्यांनी या एका वाक्यापाशी थांबून विचार करावा. आणि 'संधानातले सारे सामर्थ्य सूक्ष्मजीवांचे' असे आमच्यासारखे जे म्हणू पाहतात, त्यांनीही करावा.

येथे आमचा स्वतःचा अनुभव सांगणे क्रमप्राप्त आहे, जरी तो सांगण्यात भूषण काही नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या छोट्या फार्मसीत आम्ही सागवानी पिंपे काढून स्टीलच्या टाक्या बसवल्या. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी लाकडाविषयी नापसंती दर्शवली होती, आणि खरे सांगायचे तर टाक्या धुण्यास सोप्या म्हणून आम्हालाही हव्याच होत्या. श्रावणात दशमूलारिष्टाची पहिली बॅच घातली. सहा दिवस झाले तरी फेस नाही, ध्वनी नाही. आठव्या दिवशी वर पांढरी साय आली आणि वास आंबट झाला. ती बॅच आम्ही ओतून दिली. दुसऱ्या बॅचला धीर सुटला आणि आम्ही बेकरीचा माल विकणाऱ्या दुकानातून यीस्टचे पाकीट आणून घातले. दुसऱ्याच दिवशी टाकी गाजू लागली. मद्याचे प्रमाण, सामू, विशिष्ट गुरुत्व, सारे अहवालात उत्तम आले. चव मात्र पातळ वाटली. पण चवीसाठी रकाना नव्हता.

तिसऱ्या बॅचच्या वेळी आमच्याकडे पूर्वीपासून काम करणाऱ्या कारागिरांनी, ज्यांना सारे मामा म्हणत, साधा प्रश्न केला, "जुन्या पिंपातला साका कुठं टाकला?" तो आम्ही सोड्याने धुऊन गटारात सोडला होता. मामांनी मग शेजारच्या गावातील एका वैद्यांकडून चालू अरिष्टाचा तांब्याभर साका मागून आणला, आणि ती बॅच पूर्वीसारखी झाली. या एका अनुभवावरून लाकूड श्रेष्ठ आणि स्टील कनिष्ठ असे सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. त्या वर्षीची धायटी जुनी असेल, पावसाळ्याचा गारवा असेल. पण तिन्ही बॅचमध्ये नेमका काय फरक होता, असे विचारले असता कोणत्याही अहवालात उत्तर नव्हते. दुसरी आणि तिसरी बॅच कागदावर सारखीच होती. आमच्या मनात ती सारखी नव्हती, आणि ते पाकीट आम्ही बॅच रेकॉर्डमध्ये लिहिले नव्हते.

यीस्ट वापरणे हे पाप आहे असे आमचे म्हणणे नाही. मोठ्या प्रमाणावर निर्मिती करणाऱ्यास बॅच वेळेत आणि निश्चित उठावी लागते. वाया गेलेल्या हजार लिटरचा भुर्दंड कोण सोसणार? परंतु घालावे आणि सांगू नये, ही रीत चुकीची आहे. आणि ती यापुढे फार काळ झाकून राहणारही नाही. येथे तांत्रिक बारकावा आहे तो ध्यानी घ्यावा. साधा 'आयटीएस' अहवाल 'सॅकरोमायसिस सेरेव्हिसी' एवढेच सांगेल. बेकरीचे यीस्टही तेच आणि रानातून आलेलेही तेच असू शकते, म्हणून असा अहवाल हाती धरून "पाहा, आमच्या अरिष्टात नैसर्गिक यीस्ट आहे" असे म्हणणे निरर्थक आहे. मात्र संपूर्ण जनुकसंच वाचला तर घराणे कळते. २०१८ मध्ये जगभरातून गोळा केलेल्या या यीस्टच्या १,०११ जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली. त्यात द्राक्षमद्याचे, साकेचे, बिअरचे, पावाचे यीस्ट आपापल्या कुळांसह ओळखता येतात. आपल्या अरिष्टातले यीस्ट रानचे आहे की पाकिटातले, हे उद्या एखादा विद्यार्थीही सांगू शकेल. ते त्याने सांगण्यापूर्वी आपण सांगितलेले बरे.

आता ही तपासणी ज्यांना करावीशी वाटेल त्यांच्यासाठी दोन शब्द, कारण घाईने केलेली डीएनए तपासणी न केल्याहून वाईट. पहिली चूक म्हणजे दुकानातील बाटली उचलून प्रयोगशाळेत पाठवणे. गाळलेल्या, निवळलेल्या, वर्षभर मुरलेल्या अरिष्टात जे सापडेल ते बहुतांशी मेलेल्यांचे तुकडे असणार. शिवाय डीएनए जिवंताचा की मृताचा हे या पद्धतीला साधेपणाने कळत नाही. नमुना चालत्या पिंपाचा हवा : काढा ओतल्यावर, फेस धरताना, जोर ओसरल्यावर आणि जातरस झाल्यावर. त्याच्या जोडीला धायटी, गूळ आणि पात्राची भिंत यांचाही स्वतंत्र नमुना हवा, अन्यथा कोण कोठून आले हे कळणारच नाही. दुसरे, आपली द्रव्ये कषाय रसाची. धायटी, हिरडा, अशोकाची साल यांतील टॅनिन डीएनएबरोबर उतरते आणि पुढील रासायनिक क्रियेला अडथळा करते. हे प्रयोगशाळेला आधी सांगावे. तिसरे, कोरा नमुनाही पाठवावा, कारण रसायनांच्या संचातच थोडा परका डीएनए असतो आणि तो नंतर 'शोध' म्हणून छापला जातो. अहवालात येणारे टक्के हे परस्परप्रमाण असते, संख्या नव्हे. एक वाढले की दुसरे कमी दिसते, मग ते खरोखर कमी झालेले असो वा नसो.

आणि सर्वांत महत्त्वाचे, डीएनएची यादी पुन्हा अरिष्ट आंबवू शकत नाही. त्यासाठी जीव जिवंत ठेवावा लागतो. पुण्यात यासाठीची सोय दाराशी आहे : राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे 'नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स' आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह. तेथे वाळवून अथवा गोठवून ठेवलेले यीस्ट आपली फार्मसी बंद पडल्यावरही राहील. आज जुन्या फार्मस्या बंद पडत आहेत, त्यांची पिंपे भंगारात जात आहेत. ज्या वैद्यांनी पिढ्यान् पिढ्या साका जपला त्यांच्या घरी तो आता कोण जपतो?

आपली औषधिसंहिता या बाबतीत विचित्र स्थितीत आहे. तिच्यात सूक्ष्मजीव आहेत, पण ते केवळ मालाला लागलेले किटाळ म्हणून : एकूण जीवाणू प्रतिग्रॅम १,००,००० पेक्षा अधिक नकोत, यीस्ट व बुरशी १,००० पेक्षा अधिक नको, ई. कोलाय, साल्मोनेला आदी मुळीच नकोत. या मर्यादा आवश्यकच आहेत. रुग्णाच्या पोटात काय जाते याबाबत ढिलाई नको. पण ज्या कल्पनेचे अस्तित्वच सूक्ष्मजीवांवर अवलंबून आहे, तिच्या प्रमाणपत्रात उपकारक जीवांना एकही ओळ नसावी? लाकडी पात्रांचे तसेच. २०१४ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लाकडी फळ्यांवर चीज मुरवण्यास प्रतिकूल भूमिका घेतली; चीज करणारे एकवटून उठले आणि काही दिवसांतच प्रशासनाला खुलासा करून माघार घ्यावी लागली. त्यांच्यापाशी परंपरेच्या अभिमानाबरोबर फळ्यांवरील सूक्ष्मजीवांचे अभ्यासही होते. आमच्यापाशी त्या तपासणीच्या दिवशी केवळ अभिमान होता, आणि तो अर्ध्या तासात संपला.

काही वैद्यमित्रांची एक रास्त भीती आहे, की आपण नमुने द्यायचे, कोणी त्यातील यीस्टचे पेटंट घ्यायचे आणि आपण पाहत बसायचे. ही भीती हसण्यावारी नेऊ नये. जैवविविधता कायद्यात सूक्ष्मजीव हे जैविक संसाधन आहे. २०२३ च्या दुरुस्तीने उपजीविकेसाठी व्यवसाय करणाऱ्या वैद्यांना आणि नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना काही बंधनांतून मुक्त केले आहे. पण म्हणून पिंपातला जीव निर्मात्याने कोणाच्याही हाती विनाकरार द्यावा असा त्याचा अर्थ होत नाही. डीएनएची अक्षरे एकदा सार्वजनिक संग्रहात गेली की मूळ जीव हाती नसतानाही त्यांचा उपयोग करता येतो. यावर तोडगा म्हणून जैवविविधता कराराच्या सदस्य राष्ट्रांनी २०२४ मध्ये कोलंबियातील काली येथे, अशा माहितीपासून नफा मिळवणाऱ्यांनी वाटा द्यावा यासाठी एक निधी स्थापण्याचे ठरवले. त्यातील योगदान ऐच्छिक स्वरूपाचे आहे, म्हणून त्यावर विसंबून राहता येत नाही. नमुना देताना लेखी करार करावा, नमुन्याचे ठिकाण व दाता नोंदवून घ्यावा, आणि हे एकेका वैद्याने करण्याऐवजी संघटनेने करावे. दडवून ठेवणे हा उपाय नव्हे. आम्ही आमचा साका कोणाला दाखवला नव्हता, आणि शेवटी तो आम्हीच गटारात सोडला.

रुग्णांपुढे काय बोलावे याबाबतही संयम हवा. २०२१ मध्ये स्टॅनफर्ड येथील ३६ प्रौढांच्या अभ्यासात आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यातील जीवाणूंची विविधता वाढलेली आणि शोथदर्शक प्रथिने घटलेली दिसली. पश्चिम भारताच्या ग्रामीण भागातील निरोगी लोकांत प्रकृतीनुसार आतड्यातील जीवाणूंत काही फरक असल्याचा अभ्यासही २०१८ मध्ये आला. दोन्ही उत्साहवर्धक आहेत. परंतु स्टॅनफर्डमध्ये लोकांनी दही, केफीर, किमची खाल्ली. कोणी अशोकारिष्ट घेतले नव्हते. मद्य असलेल्या, गाळलेल्या अरिष्टात जिवंत जीव किती उरतात हेच आपण मोजलेले नाही. तेव्हा लेबलवर 'प्रोबायोटिक' हा शब्द छापण्याचा जो मोह काही निर्मात्यांना होताना दिसतो, तो आवरावा. तक्राची गोष्ट वेगळी आहे. अर्श आणि ग्रहणी यांत चरकाचार्यांनी तक्राची जी थोरवी सांगितली, तिच्या मागे जिवंत जीवाणूंचा हात आहे का हे तपासण्यास ताजे ताक हा नमुना अरिष्टाहून सोपा आहे, आणि ते प्रत्येक चिकित्सालयाच्या शेजारच्या घरात मिळते.

संघटनेपुढे आमची मागणी मर्यादित आहे. जिल्ह्यागणिक एक-दोन अशा दहा-बारा फार्मस्या निवडाव्यात, ज्या अद्याप पाकिटाविना संधान करतात. त्यांची नावे आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. एकच कल्प, दशमूलारिष्ट, एकाच पाठाने, येत्या धायटीच्या हंगामात घालावा. नमुने एकाच पद्धतीने घ्यावेत, एकाच प्रयोगशाळेत द्यावेत, आणि जिवंत जीव पुण्याच्या संग्रहात ठेवावेत. साध्या जनुकांशवाचनाचा खर्च आता नमुन्यामागे काही हजार रुपयांवर आला आहे. आपल्या वार्षिक अधिवेशनाच्या भोजनखर्चात हे सारे बसते. निष्कर्ष आपल्या आवडीचे निघतील याची हमी नाही. युरोप-अमेरिकेसह चार खंडांतील ५०० घरगुती आंबवणांचा, म्हणजे पाव करण्यासाठी जपलेल्या पिठाच्या विरजणाचा, अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा प्रत्येक प्रदेशाचे विरजण वेगळे असेल ही सर्वांची आवडती कल्पना फारशी टिकली नाही. कोकणातील अरिष्ट आणि विदर्भातील अरिष्ट यांचे रहिवासी एकच निघाले तर तेही छापावे. बारापैकी चारांत पाकिटाचे यीस्ट निघाले तर नावे न घेता तेही छापावे.

आमच्यापुरते आम्ही आरंभ केला आहे. बॅच रेकॉर्डमध्ये 'संधानबीज' असा एक रकाना वाढवला असून त्यात काय घातले, कोठून आणले, कोणत्या तारखेस, हे लिहिले जाते. त्या श्रावणातील दुसऱ्या बॅचसमोर 'बेकरी यीस्ट' ही नोंद उशिरा का होईना, तारीख घालून केली आहे. मामा आता कामावर येत नाहीत. त्यांनी आणलेल्या तांब्यातील साक्यावरून चालत आलेले बीज मागल्या खोलीतील चिनी मातीच्या बरणीत आहे, आणि जुन्या पिंपांपैकी एक विकले गेले नव्हते. त्याच्या आतल्या बाजूस काळा थर अजून आहे. त्यावर पाणी घालू नये अशी चिठ्ठी आम्ही लावून ठेवली आहे.